वाचकांचे प्रश्न: हौस आहे, किट आहे, वेळ कुठून आणायचा?

या महिन्याच्या टपालात स्केल मॉडेलवाल्यांनी, म्हणजे किटमधले प्लास्टिकचे सुटे भाग जोडून खऱ्या गाड्या-विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्यांनी, बाजी मारली. विमानं, रणगाडे, एसटी, सगळं आहे. रडगाणं मात्र एकच, वेळ पुरत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली सात पत्रं निवडली आहेत. पत्रांतला प्रश्नाचा भाग तेवढा थोडक्यात दिला आहे.

सीएनसी ऑपरेटर, कुपवाड एमआयडीसी

प्रश्न: पाळी दर आठवड्याला बदलते. १/७२ मधलं (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या मापाचं) स्पिटफायर विमान गेल्या दिवाळीत उघडलं, अजून धडाचे दोन भागही जोडलेले नाहीत. सलग तीन-चार तास मिळाल्याशिवाय बसण्यात अर्थ नाही असं वाटतं, आणि ते काही मिळत नाहीत. रोजच्या अर्ध्या तासात मॉडेल होतं का?

उत्तर: होतं, आणि सलग बसून केलेल्यापेक्षा बऱ्याचदा स्वच्छ होतं. १/७२ मधल्या एका इंजिनाच्या लढाऊ विमानाला हाताचं काम साधारण बारा ते पंधरा तासांचं. बाकीचा वेळ वाळण्याचा. सलग बसलेला माणूस तिसऱ्या तासाला ओल्या जोडावर पेपर मारायला लागतो आणि तिथेच मॉडेल बिघडतं. तुम्हाला फक्त वाळण्याचे तास पाळीच्या तासांवर बसवायचे आहेत.

त्यासाठी कामाचे दोन वाटे करा. सुकं काम म्हणजे स्प्रूवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरून) भाग कापणं, घासणं, भाग बसतो का ते पाहणं, मास्किंग टेपच्या पट्ट्या काढणं. यातून कुठल्याही क्षणी उठता येतं. ओलं काम म्हणजे ग्लू, पुटी, रंग, डिकल (पाण्यात भिजवून लावायच्या खुणा-चित्रं). ते मध्येच सोडता येत नाही, पण एकेका वेळचं दहा मिनिटांत आटपतं. बसल्यावर आधी सुकं, उठताना ओलं. पाळीला निघण्याआधी जोड लावलात की परत येईपर्यंत आठ-नऊ तास त्याला आपसूक मिळतात. रात्रपाळीहून आल्यावर मात्र ब्लेड हातात घेऊ नका. तेव्हा फार तर सूचनापत्रक वाचा आणि झोपा.

आता तुमचं स्पिटफायर. सगळ्यात आधी स्प्रू कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि रात्रभर निथळत ठेवा. साच्याचं तेल राहिलं तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. पहिल्या दोन बैठकी कॉकपिटच्या. भाग दोनदा कापायचा: पहिला काप भागापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून, दुसरा अगदी लगत. एकाच फटक्यात लगत कापलं की प्लास्टिकवर पांढरा ताण दिसतो किंवा लहानसा टवका उडतो. उरलेला खुंट ४०० च्या वॉटर पेपरने, मग ६०० ने.

धड बंद करण्याआधी आणि पंख चिकटवण्याआधी सगळं नुसतं टेप लावून जुळवून पाहा. जॉब बांधल्यावर झीरो तपासल्याशिवाय तुम्ही मशीन सुरू करत नाही, तेच इथे. स्पिटफायरच्या बऱ्याच किटांत पंखाची खालची बाजू एकसंध आणि वरच्या दोन वेगळ्या येतात. पंखाची वर चढण खालच्या तुकड्यावर ठरते, म्हणून वरचे अर्धे घट्ट बसवण्याच्या नादात ती सपाट होऊ देऊ नका. पंख धडाला मिळतो तिथे फट दिसली तर पुटीकडे धावायच्या आधी आतली कड घासून पाहा. निम्म्या फटी तिथेच मिटतात.

ग्लू पातळ, ब्रशवाला घ्या. भाग आधी जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक जोडाला नुसतं टेकवायचं. ग्लू फटीतून स्वतः पळत जातो. बोट जोडावर असलं तर ग्लू बोटाखाली शिरतो आणि ठसा कायमचा उमटतो. हा ग्लू प्लास्टिक विरघळवून सांधतो, म्हणून रंग लागलेल्या पृष्ठभागावर तो धरत नाही. जोडाच्या कडेवरचा रंग आधी खरवडा. मिनिटभरात भाग धरतो, अर्ध्या तासात हाताळता येतो, पण घासायचा दुसऱ्या दिवशी. आत मऊ राहिलेलं प्लास्टिक नंतर आकसतं आणि सपाट केलेल्या जागी आठवड्याने पुन्हा रेघ दिसते. बहुतेकांना वाटतं पुटी वाईट होती. पुटीचा काही दोष नसतो.

वेळेचा खरा चोर मांडामांड. टेबल लावायला दहा मिनिटं आणि आवरायला दहा, मग अर्ध्या तासात उरतं काय? कडा असलेला, साधारण ४० बाय ३० सेंटिमीटरचा ट्रे घ्या. ए-४ कटिंग मॅट त्यात बसते. निपर (भाग कापायची पक्कड), ब्लेड, चिमटा, तीन वेगवेगळ्या नंबरांचे वॉटर पेपर, ग्लू आणि चालू काम, सगळं त्यातच. उठताना ट्रे जसाच्या तसा कपाटावर. त्यात एक चिठ्ठी टाका: ‘उजवा पंख चिकटवला, उद्या घासायचा.’ पुढच्या वेळी ‘कुठे होतो बरं’ यात पाच मिनिटं जाणार नाहीत.

आठवड्याला चार वेळा अर्धा तास धरला तर सहा ते आठ आठवड्यांत विमान उभं राहतं.

बँक कर्मचारी, शाहूपुरी, सातारा

प्रश्न: जुलैमध्ये रविवारची सुट्टी गाठून मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला. तासाभरात सगळं मॉडेल पिठूळ पांढरं झालं. दोन महिन्यांचं काम गेलं का?

उत्तर: गेलं नाही. स्प्रेमधलं द्रावण झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. साताऱ्यात पावसाळ्यात हवेत ओल भरपूर, त्यामुळे हे हमखास होतं. दुसरं कारणही असू शकतं: डबा नीट हलवला नाही किंवा थर जाड बसला, म्हणजे मॅट करणारी पूड एका जागी साचते आणि तशीच पांढरी दिसते.

आधी दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा. मग त्यावर ग्लॉस व्हार्निशचा एक पातळ थर द्या. पांढरेपणा बहुतेक वेळा ग्लॉसखाली विरून जातो. पूर्ण वाळल्यावर, कोरड्या दिवशी, पुन्हा मॅट. पांढरा भाग कापडाने घासायला जाऊ नका, डिकल सोलून येतील.

पुढच्या वेळेसाठी आर्द्रतामापक घ्या. काही शे रुपयांत मिळतो. काटा सत्तरच्या वर असेल तर स्प्रे बाहेर काढायचाच नाही. डबा मारण्याआधी पाचेक मिनिटं कोमट पाण्यात ठेवा; हाताला सोसेल इतपतच, गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कदापि नाही, डबा फुटतो. मग दोन मिनिटं हलवा, २० ते २५ सेंटिमीटरवरून मारा, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा.

साताऱ्यात, आणि मेढा-महाबळेश्वरच्या अंगाला तर जास्तच, मॉडेलचं वर्ष पावसावर बेतावं. जून ते सप्टेंबर कापणं, घासणं, जोडणं. प्राइमर आणि व्हार्निश दसऱ्यानंतर. पावसाळ्यात रंगवायचंच असेल तर ब्रश आणि पाण्याचे अ‍ॅक्रिलिक वापरा. वाळायला वेळ घेतात, पण पांढरे पडत नाहीत.

परिचारिका, मिरज

प्रश्न: मुलगा सात वर्षांचा. तो झोपल्यावर वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. घर दोन खोल्यांचं, ग्लूचा वास लगेच पसरतो. त्यालाही सोबत बसायचं असतं. काय करावं?

उत्तर: ताई, मूल झोपलेल्या खोलीत ग्लू उघडायचा नाही. संत्र्याच्या वासाचा लिमोनीन ग्लू मिळतो, त्याचा त्रास कमी, पण तोही द्रावकच आहे. खिडकी उघडी हवीच. रात्रीची वीस मिनिटं सुक्या कामाला द्या आणि ग्लू सुट्टीच्या दिवशी दुपारी, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट लावून, सगळे जोड एकदम. शेगडी मात्र बंद हवी. ग्लूची वाफ पेट घेते.

रंग व्हॅलेहोसारखे, पाण्यात पातळ होणारे. एक अडचण आहे: ते उघड्या प्लास्टिकवर नखाने निघतात. खाली प्राइमर लागतो, आणि पाण्याचा प्राइमर ब्रशनेही लावता येतो. पहिला थर पातळ द्या, प्लास्टिक दिसत राहिलं तरी चालेल. वीस-तीस मिनिटांनी दुसरा, लागला तर तिसरा. ओल्या थरावर पुन्हा ब्रश फिरवला की खालचा गोळा होऊन येतो, आणि घाई असते तेव्हा नेमकं हेच घडतं.

मुलासाठी वेगळं किट घ्या, ग्लू न लागणारं. बांदाई कंपनीच्या १/१४४ गुंडाम (रोबोट) किटांचे भाग दाबून बसतात आणि प्लास्टिक मुळातच रंगीत असतं. निपर तुमच्या हातात, भाग ओळखून जोडणं त्याच्याकडे. त्याच टेबलावर तुमचं ११ नंबरचं ब्लेड उघडं ठेवू नका. वापरलेली ब्लेडं पत्र्याच्या डबीत. त्यांचं काय करायचं ते तुमच्या खात्यात वेगळं सांगायला नको.

आणि कॉकपिटची काच बसवायला फेविकॉल. सुपरग्लूच्या वाफेने काच आतून धुरकट होते. फेविकॉल पारदर्शक वाळतो आणि बाहेर आलेला ओल्या ब्रशने पुसता येतो.

प्राध्यापक, विद्यानगर, कराड

प्रश्न: कपाटात न उघडलेल्या चौदा किटांची उतरंड आहे, आणि ऑनलाइन सूट लागली की पंधरावं येतं. यावर उपाय?

उत्तर: बांधायचा वेळ तुम्ही किटं बघण्यात घालवता. चौदातलं सगळ्यात कमी भागांचं किट काढून आज स्प्रू धुवा. रणगाड्याचे पट्टे सुट्या कड्यांचे असतील तर ते किट तळाशी ठेवा. दोन-दोनशे कड्या साफ करणं नोकरदार माणसाने सुट्टीखेरीज हाती घेऊ नये.

स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, अपशिंगे मिलिटरी, जि. सातारा

प्रश्न: आजोबा १९७१ च्या युद्धात रणगाडा दलात होते. १६ डिसेंबरला, विजय दिवसाला, त्यांना त्यांच्या रणगाड्याचं मॉडेल द्यायचं आहे. हातात दोन महिने आहेत, अभ्यासातून रोज अर्धा तास काढू शकते. विमानाची दोन किटं केली आहेत, रणगाडा पहिलाच. कोणतं किट घेऊ?

उत्तर: किट मागवण्याआधी आजोबांना काहीतरी निमित्त काढून विचारा: रेजिमेंट कोणती आणि रणगाडा कोणता? १९७१ मध्ये आपल्याकडे सेंच्युरियन, टी-५५, विजयंता, शर्मन, पीटी-७६, एएमएक्स-१३ असे निरनिराळे रणगाडे होते. चुकीचा रणगाडा कितीही सुबक केला तरी ज्याने तो चालवला त्याला पहिल्या नजरेत कळतो.

सेंच्युरियन असेल तर टामिया कंपनीचं १/३५ मधलं मार्क ३ (रणगाड्याची तिसरी आवृत्ती) सोयीचं. आपल्याकडचे बरेचसे नंतरच्या मार्कचे होते, त्यामुळे बारीकसारीक फरक राहतील. ते फोटोंवरून ठरवा आणि दोन महिन्यांत जमतील तेवढेच बदला. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या ‘फामागुस्टा’त लढले तो पूना हॉर्स रेजिमेंटचा सेंच्युरियनच होता, त्यामुळे संदर्भाला फोटो मिळतात. जमलं तर एक रविवार अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयाला द्या. पोलादाच्या ओतीव पृष्ठभागाचा खडबडीतपणा फोटोत कळत नाही. टी-५५ असेल तर टामियाचं टी-५५ए घ्या.

रोज अर्धा तास म्हणजे दोन महिन्यांत तीस तास. रणगाड्यात जास्त वेळ चाकं खातात. सेंच्युरियनला एका बाजूला सहा चाकं, प्रत्येक चाक जोडीचं, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चोवीस चकत्या. टी-५५ला बाजूला पाचच, म्हणजे वीस. पहिला आठवडा नुसत्या चकत्यांचा: कापायच्या, कडेची साच्याची रेघ घासायची, आणि प्रत्येक चकती उदबत्तीच्या जळून उरलेल्या काडीवर खोचून थर्मोकोलच्या तुकड्यात उभी करायची. अभ्यासातून डोकं काढायला हे काम उत्तम, विचार लागत नाही.

टायर एकेक हाताने रंगवत बसू नका. आधी सगळ्या चकत्यांना रबराचा काळपट करडा रंग द्या. वाळल्यावर भूमितीची वर्तुळांची स्टेन्सिल घ्या, टायरच्या आतल्या कडेला नेमकं बसणारं भोक निवडा, ते चकतीवर धरा आणि मधला भाग हिरवा फवारा. स्प्रे नसेल तर स्पंजचा तुकडा जवळजवळ कोरडा करून टिपत जा. एका चकतीला अर्धं मिनिट पुरतं.

सेंच्युरियनच्या किटमध्ये बाजूचे पत्रे येतात. ते लावले की पट्ट्याचा वरचा भाग झाकला जातो आणि तिथलं बारीक काम वाचतं. मऊ विनाइलच्या पट्ट्यांचा जोडही त्याच झाकलेल्या भागात आणा. सूचनापत्रकाप्रमाणे चिकटवा किंवा तापवलेल्या पेचकसाने खुंट दाबा, आणि खात्री वाटत नसेल तर आतून दोऱ्याचे दोन टाके घाला. चाकं आणि पट्टा दोन्ही रंगवूनच एकमेकांना लावा. काही जुन्या विनाइलमधलं मऊ ठेवणारं रसायन वर्षांनी उघडं प्लास्टिक खातं. चाकं वितळल्यासारखी दिसतात, आणि तेव्हा उपाय नसतो.

हल (रणगाड्याचं धड) आणि टरेटला (वरच्या फिरत्या बुरुजाला) दोन आठवडे, मूळ रंगाला एक. मग ग्लॉसचा थर आणि त्यावर डिकल. खडबडीत मॅटवर डिकल लावलं तर खाली हवा अडकून चंदेरी झाक येते. भारतीय खुणा किटमध्ये मिळणार नाहीत. पारदर्शक डिकल कागदावर छापून घेता येतात, पण साध्या प्रिंटरला पांढरी शाई नसते; पांढरी अक्षरं घासून उमटवायच्या अक्षरांनी किंवा बारीक ब्रशने करा.

चिखलासाठी शेतातली माती उचलू नका. १/३५ मध्ये अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे जवळपास पावणेदोन सेंटिमीटरची खडी. शिवाय आपल्याकडच्या काळ्या-तांबड्या मातीचा रंग बसंतरकडच्या सपाटीवरच्या गाळमातीशी जुळत नाही. फिकट तपकिरी कोरडे पेस्टल खडू ब्लेडने खरवडून त्यांची पूड वापरा.

९ डिसेंबरला ब्रश खाली ठेवायचा हे आत्ताच ठरवा. शेवटचा आठवडा वाळायला आणि तुटलेली अँटेना पुन्हा चिकटवायला. ती तुटतेच.

द्राक्ष बागायतदार, तासगाव

प्रश्न: ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत मॉडेलकडे बघायला फुरसत नाही. परत बसतो तेव्हा रंग आटलेले, डिकल पिवळे, टेप चिकटून बसलेली. काम मध्येच थांबवायची पद्धत काय? आणि फवारणीचा मास्क एअरब्रशला (रंग फवारायच्या लहान यंत्राला) चालेल का?

उत्तर: मास्कचं आधी. औषध फवारताना वापरलेला मास्क घरात आणायचा नाही. त्याच्या कापडात आणि फिल्टरमध्ये औषध बसलेलं असतं. रंगासाठी वेगळा घ्या, सेंद्रिय द्रावकाची वाफ अडवणारं कार्ट्रिज आणि वर धुळीचा फिल्टर असलेला, आणि वापर झाला की हवाबंद पिशवीत ठेवा. कार्ट्रिज उघड्यावर राहिलं तर नुसत्या हवेनेही संपतं.

मॉडेल कुठे थांबवायचं, याला महत्त्व आहे. थांबायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे प्राइमर मारून झाल्यावर, नाहीतर ग्लॉसचा थर देऊन झाल्यावर. जोड आणि पुटी वाळलेली, घासायची राहिली असली तरी बिघडत नाही, उलट तोवर जेवढं आकसायचं तेवढं आकसून जातं. मास्किंग टेप मात्र छाटणीच्या आदल्या दिवशी काढाच. महिनोन्‌महिने राहिलेली टेप गोंद सोडते किंवा रंगासकट निघते. कॅनपीवरची, म्हणजे कॉकपिटच्या काचेवरची, तर आधी काढा. डिकल अर्धे लावून थांबू नका. ग्लॉसचा थर दिला नाही तर कडा उचलतात आणि धूळ आत जाते.

रंगाच्या बाटल्यांची तोंडं थिनर लावलेल्या कापडाने पुसून झाकण लावा. झाकण आतून किटलेलं असतं म्हणूनच हवा आत जाते. इनॅमलवर चार-पाच थेंब थिनर सोडून न ढवळता बंद केलं की साय धरत नाही. टामियाच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये त्याच कंपनीचं थिनर घाला, पाणी नको. सुपरग्लू हवाबंद डब्यात सिलिका जेलसह फ्रीजमध्ये, आणि काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर आत दव धरतं. कॉम्प्रेसरला टाकी असेल तर खालचा कॉक उघडून पाणी सोडा.

पिवळे पडलेले डिकल फेकू नका. पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. आठ-दहा दिवसांत पिवळेपणा बराच उडतो. लावण्याआधी एक बिनकामाचं डिकल पाण्यात टाकून पाहा. त्याचे तुकडे झाले तर सबंध पानावर ग्लॉसचा थर द्या, वाळल्यावर प्रत्येक चित्र कडेने कापून घ्या.

मॉडेल स्वतः लोखंडी पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवू नका. उन्हाळ्यात पंख वाकतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत.

एसटी वाहक, सातारा

प्रश्न: आपल्या लाल गाडीचं मॉडेल स्वतः बनवायचं आहे, किट नाही. सनबोर्ड वापरू का? किती स्केल धरू? ड्युटी मुक्कामी असते, घरी सलग बसता येत नाही.

उत्तर: गाडी रोज हाताशी असते, याहून चांगला संदर्भ कोणता? टेप घेऊन मोजा: लांबी, रुंदी, उंची, दोन चाकांतलं अंतर, एका खिडकीची रुंदी, दोन खिडक्यांमधल्या खांबाची जाडी. मिलिमीटरमध्ये लिहा आणि स्केलच्या आकड्याने भागा. नियमाने बस जास्तीत जास्त २.६ मीटर रुंद असते. ती १/२४ ला १०८ मिलिमीटर होते, १/३२ ला ८१. बारा मीटर लांबीची बस १/२४ ला अर्धा मीटर भरते, १/३२ ला साडेसदतीस सेंटिमीटर. पहिल्या गाडीला १/२४ बरं, कारण चाकं मिळतात: खरं टायर साधारण एक मीटर उंचीचं, म्हणजे खेळण्यातल्या ट्रकची ४२ मिलिमीटर व्यासाची चाकं शोधायची.

सनबोर्ड तळाला आणि आतल्या आडव्या भिंतींना. बाहेरच्या बाजूंना नको. ३ मिलिमीटरचा बोर्ड १/२४ ला सात सेंटिमीटर जाड पत्रा होतो, आणि खिडकीच्या कडेला ती जाडी लगेच डोळ्यांत भरते. बाजूंसाठी १ मिलिमीटरची हिप्स (पॉलिस्टायरीन प्लास्टिकची) शीट घ्या. तिला किटचाच पातळ ग्लू चालतो. सनबोर्डाला जोडताना सुपरग्लू. सनबोर्डाच्या कापलेल्या कडा सच्छिद्र असतात, त्या पुटीने भरून घासा, नाहीतर रंग आत शोषला जाऊन कड खरखरीत दिसते.

दोन्ही बाजूंच्या शीट दुहेरी टेपने एकमेकींवर चिकटवून खिडक्या एकदमच कापा, म्हणजे डावी-उजवी सारखी येते. दरवाजे वेगळे असतात, ते सुट्या केल्यावर. प्रत्येक खिडकीच्या चारही कोपऱ्यांत आधी पिनव्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) १ मिलिमीटरचं भोक पाडलं की ब्लेड कोपऱ्यापलीकडे धावत नाही. ब्लेड चार-पाच हलक्या हातांनी फिरवा. एका दाबात कापायला गेलं की पट्टी पिळते.

सीट एकेक बनवू नका. पाठ आणि बैठक मिळून एल आकाराची लांब पट्टी चिकटवा, पूर्ण वाळू द्या, आणि सीटच्या रुंदीचे काप काढा. लाकडाच्या पट्टीवर एक अडणी ठोकली की मोजावं लागत नाही, पट्टी अडणीला टेकवायची आणि कापायची. दोन आणि तीन माणसांच्या सीटसाठी दोन अडण्या.

मुक्कामाला हेच काम न्या. पत्र्याच्या डब्यात कापलेल्या सीट, वॉटर पेपर, पट्टी आणि चिमटा. सीटच्या कडा घासायला मुक्कामाच्या खोलीतला दिवाही पुरतो. ग्लू आणि स्प्रे घरी ठेवा. बसमध्ये त्यांना जागा नाही, हे वाहकाला काय सांगायचं.

रंगाआधी पांढरा प्राइमर. करड्यावर लाल मळकट दिसतो आणि चौथा थर दिला तरी उजळत नाही. काचांना ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद), सगळा रंग झाल्यावर आतून, फेविकॉलने. नंबरप्लेट शेवटी. अवजड गाडीची खरी पाटी ३४० बाय २०० मिलिमीटर, म्हणजे १/२४ ला १४ बाय साधारण ८. पिवळ्यावर काळी अक्षरं फोटो कागदावर छापून घ्या आणि कापल्यावर कागदाच्या पांढऱ्या कडांवरून काळं स्केचपेन फिरवा.